तीस मुलांपैकी तीन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील समितीचे मान्यवर सभासद, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांच्या मोठ्या बाई, बाईंच्या शेजारी अवघडून बसलेले त्यांचे यजमान, समोर बसलेल्या बालवाड्यांतल्या ताई, माझे सहकारी, चहाच्या टेबलाजवळची जागा धरून बसलेले दूरदर्शी मित्र, आणि सर्वांत पुढे सतरंजीवर बसलेली, या भाषणातलं अवाक्षरही ऐकायची इच्छा नसलेली बालमंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

निवेदिकाताईंनी मला बोलावताना "ते चार शब्द बोलतील" असं सांगितलं. अनुभवी मंडळींनी तेव्हाच पाठ टेकली, ते मी पाहिलं. माझा पेशा प्रश्न लिहिण्याचा. सोळा वर्षं मी या संस्थेत पाच वर्षांच्या मुलांना विचारायचे प्रश्न लिहितो आहे. "यातला मोठा चेंडू कोणता?" ही माझी साहित्यसेवा. प्रश्न विचारून गप्प बसायची सवय असलेल्या माणसाला तुम्ही माईकसमोर उभं केलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मघाशी जिन्यात बाईंच्या थोरल्या भगिनी भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, ही नेमकी करते तरी काय? इतकी वर्षं सांगते की मुलांशी खेळायला जाते, आणि घरी येते ती फायलींचा गठ्ठा घेऊन." ताई, प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी हाच प्रश्न आहे, फक्त तो इतक्या सौम्य आवाजात विचारला जात नाही.

तर ताई, अकरा देशांमध्ये मिळून एक अभ्यास चालतो. पाच वर्षांचं मूल शाळेच्या दारात उभं राहतं तेव्हा त्याच्यापाशी काय काय असतं, हे त्यात बघायचं असतं. शब्द किती आहेत, मोजता कुठवर येतं, आपली पाळी येईपर्यंत थांबता येतं का, समोरच्याचा चेहरा बघून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतं का. हे सगळ्या देशांत एकाच पद्धतीने बघायचं, म्हणजे कुठल्या घरात, कुठल्या बालवाडीत मुलांना कशाचा उपयोग होतो ते कळतं. या अभ्यासाची रचना कशी असावी, मुलांना काय दाखवावं, काय विचारावं, कसं विचारावं, ते ठरवायचं काम आपल्या संस्थेकडे होतं, म्हणजेच बाईंकडे होतं. ऐकायला सोपं वाटतं ना? मग अकरा देशांच्या अकरा तज्ज्ञांचं एका प्राण्यावर एकमत करून दाखवा.

हो, प्राण्यावर. गोष्टीच्या चित्रांसाठी आम्हाला एक प्राणी हवा होता. सगळ्या मुलांना ओळखीचा आणि कुणालाही न घाबरवणारा. कुत्रा सुचवला तर एका देशाच्या बाई म्हणाल्या, आमच्या मुलांना रस्त्यावरचे कुत्रे चावतात. मांजर म्हटलं तर दुसरे म्हणाले, आमच्याकडे निम्म्या मुलांना त्याने शिंका येतात. आता चित्रातल्या मांजराने शिंका कशा येतील, असं मी विचारणार होतो, पण बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तीन आठवड्यांनी कासव ठरलं. कासवाबद्दल कुणाच्याच मनात काही नव्हतं. तेवढ्यात ऑनलाइन बैठकीच्या पडद्यावर एक गृहस्थ हात वर करून म्हणाले, आमच्या मुलांनी कासव कधी पाहिलेलंच नाही. बाई म्हणाल्या, "मग आता बघतील. आमच्याकडून भेट समजा." ठराव मंजूर झाला.

बाईंच्या बैठका कुठे होत, हे पाहुण्यांना माहीत नसेल. या इमारतीत मोठं, गुबगुबीत खुर्च्यांचं सभागृह आहे. बाईंनी ते कधी वापरलं नाही. त्यांच्या सगळ्या बैठका तळमजल्यावरच्या खेळघरात, मुलांच्या खुर्च्यांवर. एवढ्याएवढ्याशा, लाल-पिवळ्या. परदेशांतून आलेले मोठमोठे विद्वान गुडघे कानाशी घेऊन त्या खुर्च्यांवर बसलेले मी पाहिलेत. बाईंचं म्हणणं असं की त्या उंचीवरून बोललं की माणूस मुलांबद्दल नीट बोलतो. आणि दुसरं म्हणजे फार वेळ बोलत नाही. आजचा कार्यक्रम खेळघरात ठेवला असता तर माझं भाषण एव्हाना संपलं असतं.

दुसरा नियम चेहऱ्याचा. मुलाने उत्तर बरोबर दिलं काय आणि चूक दिलं काय, विचारणाऱ्याचा चेहरा सारखाच राहिला पाहिजे. भुवई हलता कामा नये. नाहीतर मूल उत्तर विचार करून देत नाही, आपल्या भुवईकडे बघून देतं. यासाठी आम्हा सगळ्यांना आठवडाभर आरशासमोर बसवलं होतं. चित्रं काढणाऱ्या आमच्या ताईंना तिसऱ्या दिवशीच हसू आवरेना आणि त्यांना घरी पाठवावं लागलं. आमच्या आकडेवाल्या काकांना मात्र या प्रशिक्षणाची गरजच पडली नाही. काका, तुम्ही आत्ता हसताय की नाही ते मला इथूनही कळत नाहीये.

बाईंच्या कामाबद्दल असं पुष्कळ सांगता येईल. कुठल्याही बालवाडीत गेल्या की त्या आधी चपला काढून भिंतीशी बसत आणि निदान अर्धा तास तोंड उघडत नसत. मी लिहिलेला प्रश्न वाचून त्या नुसतं "हं" म्हणत, आणि त्या "हं"चे सात प्रकार होते. पाचव्या प्रकाराचा "हं" आला की मी कागद उचलून निमूट खोलीबाहेर पडायचो. मुलाला काय येत नाही ते कुणालाही शोधता येतं, त्याला काय येतं ते शोधा, असं त्या आम्हाला दर सोमवारी सांगत. आम्ही दर मंगळवारी विसरत असू.

इथपर्यंतचं भाषण या कागदावर लिहिलेलं होतं आणि ते मी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, छान आहे, आता दुसऱ्या खिशातलंही वाच. दुसऱ्या खिशातही एक कागद आहे. बाई, तो मी आता काढतोय, आणि तुम्ही मानेने नाही म्हणताय ते मला दिसतंय.

सभ्य स्त्री-पुरुषहो, गोष्ट आठ वर्षांपूर्वीची आहे. अभ्यासाची पहिली छोटी चाचणी होती. प्रत्येक देशाने तीस मुलांना सगळे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे कागद पाठवायचे. त्यावरून कुठला प्रश्न सोपा, कुठला अवघड ते ठरणार होतं. आपल्याकडची तीस मुलं ही माझी जबाबदारी. तीन बालवाड्या, प्रत्येकीत दहा मुलं. दोन बालवाड्या सुरळीत झाल्या. तिसरीत सात मुलं झाली आणि कांजिण्यांची साथ आली. बालवाडी बंद. सत्तावीस मुलं झाली होती, तीन राहिली होती, आणि कागद सोमवारी पाठवायचे होते. समितीला बाईंनी शब्द दिला होता.

आता दुसरी एक गोष्ट. आमच्या या धंद्यात एक वाईट खोड असते. नवा प्रश्न लिहिला की तो आधी घरच्या मुलावर वापरून बघायचा. सगळेच करतात. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. मी संध्याकाळी घरी आलो की पाणी प्यायच्या आधी पिशवीतून चित्रं काढत असे. जेवताना वाटीतले दाणे मोजून घेई. गोष्ट सांगताना मध्येच थांबून "आता सशाला काय वाटलं असेल?" असं विचारी. ऑफिसात तिला सगळे चाचणीबाई म्हणत. मला त्याचं कौतुक वाटायचं. तिला काय वाटायचं ते विचारण्याचं मला सुचलं नाही. आणि बाकी तर मी सगळंच विचारत होतो.

तुमच्या लक्षात आलं असेल. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन संध्याकाळी मी माझ्या एकाच लेकीला तीनदा सगळे प्रश्न विचारले. तीन वेगळ्या कागदांवर तीन वेगळे क्रमांक घातले. एक मुलगा, दोन मुली, वयं थोडी पुढेमागे. तीस पूर्ण झाले. सोमवारी कागद बाईंच्या टेबलावर ठेवले आणि शीळ घालत जिना उतरलो.

चहावाले मित्रसुद्धा इकडे बघताहेत. हरकत नाही. बघा.

मी पकडला कसा गेलो ते ऐका, कारण त्यात बाईंचं खरं काम आहे. आकडेवाल्या काकांनी सकाळीच सांगितलं होतं की या तीसमध्ये तीन मुलं मोजण्यात भलतीच पटाईत दिसतात. काकांचा स्वभाव असा की पटाईत मुलं दिसली की त्यांना आनंद होत नाही, संशय येतो. पण बाईंनी त्यावर काही ठरवलं नाही. त्यांनी तीसही कागद खेळघरात नेले आणि एकेक वाचायला बसल्या. आमच्या त्या संचात एक चित्र होतं. एक मुलगी पायरीवर बसलेली, हात मांडीवर, चेहरा उतरलेला. खाली प्रश्न, "ही मुलगी अशी का बसली असेल?" दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का ते बघायचा प्रश्न, मीच लिहिलेला. मुलांनी छान उत्तरं दिली होती. तिची बाहुली हरवली. तिला भूक लागली. एका मुलाने सांगितलं होतं, तिचीच पायरी आहे, ती बसणारच. आणि तीन कागदांवर, तीन वेगळ्या क्रमांकांखाली, एकच उत्तर होतं. "तिचे बाबा सारखे प्रश्न विचारतात."

मूल बोलेल ते शब्दशः लिहायचं, हा आमचा नियम. तो मी पाळला होता. मुलं बनावट होती, पण उत्तर अक्षरशः खरं होतं. तीन दिवस माझ्या लेकीने मला तोंडावर सांगितलं, आणि मी काय केलं? उत्तरात भावनेचं कारण दिलेलं आहे, म्हणून पूर्ण गुण दिले आणि पान उलटलं.

बाईंनी मला खाली बोलावलं. त्या लाल खुर्चीवर बसल्या होत्या, समोर पिवळी रिकामी होती. मी बसलो. त्यांनी ते तीन कागद माझ्या गुडघ्यांवर ठेवले. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आरशासमोर शिकवलेला तोच चेहरा. नोकरी गेली, हे मला कळलं होतं. मी म्हटलं, "बाई, कांजिण्या आल्या होत्या."

बाई म्हणाल्या, "ते मला कळलं. तुमची लेक बरी आहे ना?"

मी म्हटलं, "तिला कांजिण्या नाही झाल्या."

त्या म्हणाल्या, "मी कांजिण्यांचं विचारत नाहीये."

मग पस्तिशीचा बाप्या त्या एवढ्याशा खुर्चीवर बसून रडला. खेळघरात रडायला रुमाल भरपूर असतात, एवढी सोय होती. बाईंनी मला पुरतं रडू दिलं. मग म्हणाल्या, "तिसांतला एक कागद खोटा असला तर उरलेल्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. सगळी मुलं पुन्हा करावी लागतील. पाच महिने जातील आणि दहा देश आपल्यासाठी थांबतील. हे मला समितीला आजच सांगायचं आहे." मी म्हटलं, माझं नाव सांगा. त्यांनी तो पाचव्या प्रकारचा "हं" केला आणि उठल्या.

त्या दुपारी बाईंनी पडद्यावरच्या दहा देशांना सांगितलं, की आमच्याकडचे कागद विश्वासार्ह नाहीत, देखरेख माझी होती, चूक माझी आहे. दुसरं एकही वाक्य बोलल्या नाहीत. अहवालाच्या दुसऱ्या भागात, अगदी शेवटच्या पानांवर, ते वाक्य आजही छापलेलं आहे. "रचनाप्रमुखांच्या देखरेखीतील त्रुटीमुळे चाचणी पुन्हा घ्यावी लागली."

नंतर मी त्यांना विचारलं, बाई, असं का? त्या म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं आणि सगळ्यांना हायसं वाटलं असतं. पण तीन मुलं कमी पडली हे मला येऊन सांगायची तुम्हाला भीती वाटली. ती भीती या खोलीत मीच आणली असणार. मग चूक माझी कशी नाही?"

हे तुम्हाला मोठेपणाचं वाटेल. मलाही वाटलं, आणि मी सुटलो म्हणून मनात खूशही झालो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की त्याच महिन्यात समिती सगळ्या अकरा देशांच्या अभ्यासाचा प्रमुख निवडणार होती आणि बाईंचं नाव जवळजवळ ठरलं होतं. ते नाव मागे पडलं. अध्यक्ष महोदय, ते पद आपल्याला मिळालं. आपण ते उत्तम सांभाळलंत, याबद्दल दुमत नाही, आणि आपण माझ्याकडे असं बघू नका, आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं हे मी जाणतो. बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. मीही, घरी सौभाग्यवतींखेरीज, नाही.

मला शिक्षा काहीच झाली नाही, असं मात्र नाही. एक झाली. बाई म्हणाल्या, "एक महिना घरी लेकीला एकही प्रश्न विचारायचा नाही. एकही नाही."

आता तुम्ही हसताय, पण करून बघा. पहिल्या दिवशी मी दारात पाऊल टाकलं, लेक समोर आली आणि माझ्या तोंडून "आज शाळेत काय" एवढं बाहेर पडलं. उरलेलं मी गिळलं. "जेवलीस का?" नाही. "झोप आली का?" नाही. मी युक्त्या काढल्या. "आज बालवाडीत बहुतेक गाणं झालं असावं" असं भिंतीकडे बघून म्हटलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तोही प्रश्नच आहे हं." आमच्या सौभाग्यवती या कामी परीक्षक म्हणून नेमल्या गेल्या होत्या आणि त्यांनी ते काम फार आवडीने केलं. चार दिवसांत माझी बोलती बंद झाली. मुलीशी बोलायचं म्हणजे विचारायचं, याखेरीज मला काही येतच नव्हतं.

मग मी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून चित्रांचे पत्ते कापायला लागलो. ऑफिसचंच काम. पाचव्या दिवशी लेक येऊन शेजारी बसली. सातव्या दिवशी तिने दुसरी कात्री आणली. मी गप्प. ती गप्प. अकराव्या दिवशी कासव कापता कापता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला वीसपर्यंत मोजता येतं. पण ती मुद्दाम पाचावर थांबते."

मी कात्री चालवत राहिलो. केवढ्या कष्टाने, ते मलाच माहीत.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कारण पाचावर थांबलं की ताई तिच्याजवळ येऊन बसतात. वीसपर्यंत म्हटलं की शाब्बास म्हणून दुसरीकडे जातात."

मंडळी, वीसपर्यंत मोजता येतं का हे तपासणारे बेचाळीस प्रश्न मी तोवर लिहिले होते. ही मुलगी त्यातल्या एकाही प्रश्नात सापडली नसती. तिला "मोजता येत नाही" असं लिहून आम्ही अकरा देशांना कळवलं असतं. ती मुलगी कोण, हे मी लेकीला विचारलं नाही. विचारायची परवानगीच नव्हती. महिना संपल्यावर परवानगी मिळाली, तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. तिच्याजवळ नुसतं बसावंसं वाटलं.

बाराव्या दिवशीच मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आपल्या संचात कुठे बसवाल?" आणि आमचं काम सुरू झालं. वाया गेलेल्या त्या पाच महिन्यांत आम्ही अभ्यासात एक नवा भाग घातला. विचारणाऱ्याने मुलाशेजारी बसायचं, समोर ठोकळे, कागद, माती असं काहीतरी असेल, त्यात आपणही हात घालायचा, आणि दहा मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. मूल जे बोलेल, करेल ते लिहायचं. समितीत केवढा गदारोळ झाला. प्रश्नाशिवाय चाचणी कसली, असं चार देश म्हणाले. बाईंनी त्यांच्या तज्ज्ञांना आपापल्या देशात एकेका मुलाजवळ दहा मिनिटं गप्प बसायला पाठवलं. पंधरा दिवसांनी चौघेही परत आले ते हा भाग वीस मिनिटांचा करा म्हणत.

आज या अभ्यासाचं नाव जिथे जिथे निघतं तिथे त्या दहा मिनिटांबद्दल बोललं जातं. आणि अहवालात त्या भागाच्या पुढे नाव कुणाचं आहे? माझं. एकट्याचं. बाईंनीच घातलं. "ऐकून तुम्ही आलात ना, मग तुमचं," असं म्हणाल्या. म्हणजे एकाच जाडजूड पुस्तकात, माझ्या चुकीच्या पुढे बाईंचं पद आणि बाईंच्या शहाणपणाच्या पुढे माझं नाव. आठ वर्षं ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. त्या दहा मिनिटांच्या नावाखाली मला दोन बढत्या मिळाल्या. आणि आपल्याला पत्रिकेवरून कळलंच असेल, की उद्यापासून बाईंच्या खुर्चीवर मला बसवण्याचं समितीने ठरवलं आहे.

बाई, तुम्ही मला खाली बसायची खूण करताय. आयुष्यात पहिल्यांदाच मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही मला हे कधीही बोलू नका असं बजावलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं म्हणून मी ते आज्ञाधारकपणे पाळलं. आज तुम्ही निघालात. आता मी गप्प राहिलो तर ते आज्ञाधारकपण राहणार नाही, नुसती चोरी राहील.

हे बोलण्याआधी ज्या मुलीची उत्तरं मी तिघांच्या नावावर खपवली तिची परवानगी घ्यायला हवी होती. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, तेरा वर्षांची आहे आणि मी तिचं नाव घेतलं तर जमिनीत गडप होईल, म्हणून घेत नाही. गेल्या रविवारी दुपारी मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हे बाईंना माहीत आहे, आईला माहीत आहे, आता मला माहीत झालं. अजून कुणाला सांगायचंय तुला?" मी म्हटलं, बाकी सगळ्यांना. ती म्हणाली, "मग माईक लागेल." अशी परवानगी मिळाली.

तेव्हा अध्यक्ष महोदय, दुसऱ्या खिशातला कागद हा आहे. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. अहवालातलं ते त्रुटीचं वाक्य बदलून तिथे माझं नाव घालावं. दहा मिनिटांच्या भागापुढे बाईंचं नाव पहिलं असावं. आणि उद्याच्या नेमणुकीचा समितीने हे सगळं जाणून पुन्हा विचार करावा. खाली माझी सही आहे, तारीख आजची आहे. मी तो आपल्या हातात देतो आहे, सगळ्यांच्या देखत, म्हणजे तो कुठल्या फायलीत हरवणार नाही. समिती नाही म्हणाली तर मी कुठल्याशा बालवाडीत भिंतीशी बसून काम करेन. त्याचं शिक्षण चांगलं झालेलं आहे माझं.

आता आभार. अध्यक्षांनी हा कागद घेतला आणि चेहरा हलू दिला नाही, त्यांचे आभार. आकडेवाल्या काकांनी तीन पटाईत मुलं ओळखूनही आठ वर्षांत मला एक शब्दही विचारला नाही, त्यांचे आभार. मंडप, माईक, खुर्च्या, फुलं आणि चहा ज्यांनी ज्यांनी सांभाळला त्यांचे, आणि एवढा वेळ सतरंजीवर तग धरलेल्या बालमंडळींचे मनापासून आभार. बाईंना आणि त्यांच्या यजमानांना पुढची वर्षं भरपूर आरोग्याची आणि बिनफायलींची जावोत.

बोलण्याच्या भरात माझ्याकडून वेळेचं, मानापानाचं, शब्दांचं काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सगळे मोठ्या मनाने ते पोटात घाला. त्या तीन कागदांचं मात्र कुणी पोटात घालू नका. ते एकट्या बाईंनी आठ वर्षं घातलं आहे, आणि त्याची क्षमा मी त्यांच्याच एकट्यांकडे मागतो. बाई, माझं चुकलं. उत्तराची घाई नाही. मी तुमच्याजवळ येऊन बसतो.